चित्रातल्या बैलांचं तोंड

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला तो बगलेत एक पुस्तक मारूनच आला. चौकोनी, जाड पुठ्ठ्याचं, हाताला गुळगुळीत. पान उलटलं की अजून रंगाचा वास येत होता. पूर्वीच्या गावातले कामधंदे असा त्याचा विषय. वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं. पोरगं आठ वर्षांचं. त्यानं मला ओट्यावर धरून बसवलं, पुस्तक माझ्या मांडीवर पसरलं आणि मोटेच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, ‘‘आजोबा, तुमच्याकडे होती ना अशी मोट? खूप मज्जा येत असेल ना?’’

मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. पोराचं तोंड बघून दुसरं काही सुचलं नाही. रात्री मात्र झोप आली नाही. त्या ‘हो’चाच हा सगळा जाब समजा.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. माझं भांडण त्या एका पुस्तकाशी नाही, असली चार-पाच पुस्तकं मी आतापर्यंत पाहिलीत. सगळ्यांत तेच गाव असतं. मधोमध पिंपळाचा पार, पलीकडं देवळाचा कळस, नदीला बारमाही पाणी. सुतार वाकस घेऊन बसलाय, लोहाराचा भाता चाललाय, कुंभाराचं चाक फिरतंय, बाया जात्यावर दळताहेत, पोरगं बासरी वाजवत गुरं राखतंय. सगळ्यांच्या अंगावर कोरे कपडे आणि सगळे हसताहेत. आमच्या माणदेशात एवढी माणसं एका जागी हसताना मी बघितली ती लग्नाच्या पंगतीत, तीही पहिल्याच.

चित्रं वाईट नाहीत हे आधी कबूल करतो. पाभरीचं चाडं आणि त्याला जोडलेले नळे बरोबर काढलेत. कुणीतरी जुन्या माणसाला विचारून काढले असणार. लोहाराच्या ऐरणीशेजारी पाण्याचं दगडी डोणं आहे, तेही बरोबर. पण मोट चुकली. चित्रातल्या बैलांचं तोंड विहिरीकडं आहे आणि विहिरीकडं तोंड करून ते मोट ओढताहेत.

ज्यानं मोट बघितली नाही त्याला यात काय चुकलं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. विहिरीच्या काठापासून एक उतार बाहेरच्या अंगाला खाली गेलेला असतो, त्याला धाव म्हणायचं. बैलांचं तोंड कायम धावेच्या खालच्या अंगाला, पाठ विहिरीला. ते धावेवरनं खाली निघाले की नाडा ताणला जातो, चाक कुरकुरतं आणि भरलेली मोट वर येते. मोटकरी त्या ताणलेल्या नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचंही वजन बैलांच्या मदतीला. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैलांनी मागं यायचं. वळून नाही. उलट्या पावलांनी, मागं मागं, चढ चढत. बैलाच्या जातीला उलटं चालणं सोपं नसतं, त्यात चढ. एका मोटेत आमच्या दहा-बारा घागरी पाणी मावायचं. तांबडं फुटायच्या आत जुंपलं आणि उन्हं चढेपर्यंत, मग पुन्हा दुपार कलल्यावर, असं दिवसभर मागंपुढं केलं तरी अर्धा एकर रान भिजायचं नाही. बैलांचे खांदे यायचे. सुजलेल्या खांद्याला हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा जू. मोटकऱ्याच्या खांद्याला कुणी काही लावत नसे.

आता कुणी म्हणेल, बैलांचं तोंड इकडं काय न् तिकडं काय, पोरांना काय फरक पडतो? मलाही आधी तसंच वाटलं. पण बघता बघता ध्यानात आलं की चित्र काढणाऱ्याला त्या कामातली मेहनत ठाऊक असती तर त्याच्याकडून ही चूक झालीच नसती. बैल मागं सरकताना त्यांच्या पायांवर जो ताण येतो, मोटकरी त्यांना जसा सांभाळून मागं घेतो, ते एकदा बघितलेला माणूस त्यांना उलटं उभं करणारच नाही.

आणि त्या मोटेवरचा माणूस. चित्रात तो फेटा बांधून, छाती पुढं काढून गाणं म्हणतोय. आमच्या मोटेवरचा माणूस आमचा सालगडी होता. मातंग वस्तीतला. पाडव्याला साल धरायचा, सालाची चार-पाच पोती ज्वारी, एक घोंगडं, एक पायतणाचा जोड आणि थोडे पैसे, तेही बहुतेक उचलीतच गेलेले. तो गाणं म्हणायचा, हे खरं आहे. गळा चांगला होता. पण पहाटेच्या थंडीत उघड्या अंगानं नाड्यावर बसलेला माणूस झोप येऊन खाली पडू नये म्हणूनही गातो आणि बैलांना आपला आवाज ठाऊक असतो म्हणूनही गातो.

त्या नाड्याचीही गोष्ट आहे. नाडा त्यानंच वळलेला, घायपाताच्या वाखाचा. चामड्याची मोट शिवली ढोरानं. म्हणजे आमच्या मळ्याला जे पाणी मिळत होतं ते यांच्या हातच्या दोरीनं आणि यांच्या हातच्या चामड्यातनं येत होतं. पण तोच गडी विहिरीच्या पायऱ्या उतरत नसे. तहान लागली की पायरीच्या वर उभा राहून हाळी द्यायचा, मग आमच्यातलं कुणीतरी तांब्या भरून आणायचं आणि उंचावरनं त्याच्या ओंजळीत धार सोडायचं. हे काम बऱ्याचदा माझ्याकडं असायचं. मी सात-आठ वर्षांचा, म्हणजे 1967-68 साल असेल. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि हलक्या वतनांचा कायदा होऊन दहा. आमच्या विहिरीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं.

पुस्तकात बारा बलुतेदारांचं एक जोडपान आहे. गोल रिंगण करून सगळे उभे, मधे धान्याची रास. खाली लिहिलंय, गाव कसं एकमेकांच्या आधारानं चालायचं. आधार होता, नाही असं नाही. पण रिंगणात सगळे सारख्या अंतरावर उभे असतात, गावात तसे नव्हते. खळ्यावर रास झाली की सुतार-लोहाराचं माप आधी आणि भरून पडायचं. महार-मांगांच्या वाट्याला खळ्याच्या कडेचं, मातीतलं, पाखडून घ्यायचं धान्य. वाढायच्या आधी उभं राहायची जागासुद्धा ठरलेली. मी काही विद्वान माणूस नाही, दहावी झालेला शेतकरी आहे. पण त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 साली छापलाय आणि दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. तालुक्याच्या वाचनालयात दोन्ही आहेत. पुस्तक करणाऱ्यानं दोन्ही चाळली असती तरी त्याला एवढं सुबक रिंगण काढवलं नसतं.

जात्याचं पान मी मुद्दाम आईला दाखवलं. ती आता नव्वदीला टेकलीय, पण नजर शाबूत आहे. चित्रातली बाई नवं लुगडं नेसलेली, नाकात नथ, केसांत गजरा, आणि जात्यातनं पीठ असं पडतंय जशी चांदण्याची धार. आईनं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, ‘‘आगं बया, ही एवढी नटून कुणाच्या लग्नाला निगालीय?’’ मग हात पुढं करून तळवा दाखवला. गावात गिरणी येऊन पन्नास वर्षं झाली तरी खुंट्याचा घट्टा अजून हाताला लागतो. घरात चौदा खाणारी तोंडं. रात्री तीनला उठायचं, पायलीभर दळायचं, आणि उजाडायच्या आत दळण संपलं नाही तर सासूची बोलणी. ओव्या म्हणायच्या त्या माहेर आठवून. आजकाल हुरडा पार्टीला येणाऱ्या बाया जात्यावर बसून फोटो काढून घेतात. माझी त्याला हरकत नाही, हौस असते. पायलीभर दळून मग काढला फोटो तर बघायला आवडेल, एवढंच.

आता ज्या पानासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याकडं येतो. गुराखी पोराचं पान.

डोंगराच्या उतारावर हिरवंगार गवत, त्यात पांढरीशुभ्र गुरं, आणि झाडाला टेकून एक पोरगं बासरी वाजवतंय. वय आठ-नऊ. डोक्याला मोरपीस तेवढं लावायचं राहिलंय. खाली मजकूर असा की तेव्हाच्या मुलांना शाळेचं ओझं नव्हतं, ती रानावनात मोकळी वाढत.

शाळेचं ओझं नव्हतं! हे वाक्य मी तीनदा वाचलं.

आमची गुरं आधी मीच राखत होतो. पहिली-दुसरीला अधनंमधनं शाळा, बाकी माळ. तिसरीत गेलो आणि गुरुजी घरी आले, वडलांना म्हणाले, पोराला रोज पाठवा, चांगलं शिकेल. वडलांना पटलं. पण प्रश्न उरला की गुरं कुणी राखायची? त्याच साली आमच्या गड्यानं थोरल्या पोरीच्या लग्नासाठी दोनशे रुपये उचल मागितली. वडलांनी दिली, आणि बोलता बोलता ठरलं की त्याचा पोरगा आमच्या गुरांमागं राहील. कागद नाही, साक्षीदार नाही. दोन बापांनी चिलीम ओढत ओट्याच्या वर-खाली बसून ठरवलं. वर माझा बाप, खाली त्याचा.

तो पोरगा माझ्याच वर्गात होता. माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. एका बस्करावर आम्ही बसत नव्हतो, तो भिंतीकडंला बसायचा, पण पाढ्यांना त्याचा आवाज सगळ्यात मोठा. मला अठराचा पाढा कधी आला नाही. मी अडलो की तो भिंतीकडनं ओठ हलवायचा आणि मी त्याचे ओठ बघून म्हणायचो. पुढच्या सोमवारी तो आला नाही. सकाळी मी दप्तर घेऊन निघालो तेव्हा तो आमच्या गोठ्यातनं गुरं सोडत होता. माझ्याकडं बघून हसला. मला तेव्हा काय वाटलं? खरं लिहायचं तर आनंद झाला. गुरांची कटकट गेली म्हणून.

बासरीबिसरी काही नव्हती. भाकरी फडक्यात बांधलेली, त्यावर चटणीचा गोळा. माळावर कुसळं. पायतण नाही. एकदा बाभळीचा काटा टाचेत मोडला, तो आतच राहिला, त्याचं कुरूप झालं. अजून तो त्या पायावर दाबून पाऊल टाकत नाही. एका पावसाळ्यात आमची कालवड ओढ्याला वाहून गेली तेव्हा वडलांनी त्याला मारलं. मी दारात उभा होतो, हातात पुस्तक होतं. कालवडीचे पैसे उचलीत चढले. दोनशेची उचल फिटायला किती सालं गेली हे मी कधी विचारलं नाही आणि घरात कुणी सांगितलं नाही.

1972 आला. पुस्तकात दुष्काळाचं पान नाही, कामधंद्याच्या पुस्तकात तर ते हवंच होतं. त्या सालासारखं काम माणदेशानं कधी केलं नसेल. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला तो त्याच धडपडीतनं. 1973 च्या मे महिन्यात उभ्या महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. जमीनवाला आणि गडी एका ओळीत बसून खडी फोडत होते. माझी आई आणि त्याची आई शेजारी शेजारी. लाल मिलोची भाकरी दोघींच्या घरी, सुकडी दोघींच्या पोरांना. बैल छावणीला दिले, त्यातला एकच परत आला. रिंगण म्हणतात ते मी गावात एकदाच पाहिलं, ते त्या खडीच्या ढिगाभोवती, आणि पाऊस पडल्यावर ते मोडलं. पुन्हा ओटा आणि ओट्याखाली. मी शाळेत परत गेलो. तो गेला नाही. 1976 साली मी दहावी झालो तेव्हा पेढे वाटायला त्यालाच पाठवलं होतं.

सुनेला मी यातलं थोडं सांगितलं. ती शिकलेली आहे, वाद घालते, मला ते आवडतं. म्हणाली, ‘‘बाबा, पण हे लहान मुलांचं पुस्तक आहे. त्यात भूक, मार, शिवाशिव हे सगळं कसं दाखवायचं? त्यांना आधी गोडी तर लागू दे.’’

तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण आपल्याकडं पोरांना काय सांगत आले ते बघा. श्रावणात खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजा हुकूम काढतो की गावातलं सगळं दूध देवाच्या गाभाऱ्यात आणून ओता. घरोघरची पोरं आणि वासरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी पोरांना, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर नेऊन ओतते, तेव्हा भरतो. ही कहाणी ऐकून कुठलं पोर झोपेत दचकलं? उलट दरवेळी विचारतं, मग वासरांना मिळालं का दूध? पोरांना भुकेची भीती नसते, आपल्याला पोरांच्या प्रश्नांची असते. मोठ्यांसाठी आपण खरं लिहितो. माडगूळकरांनी याच मुलखावर ‘बनगरवाडी’ लिहिली, तिच्यात शेवटी दुष्काळ पडतो आणि गाव उठून जातं. ती वाचून कुणाची माणदेशावरची माया कमी झाली असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मग पोरांनाच तेवढं खोटं गाव का?

आणि ‘पोरांना’ म्हणताना कुणाच्या पोरांना? आमच्या घरच्या पोरानं हे पुस्तक उघडलं तर त्याला त्याचा पणजोबा ओट्यावर बसलेला दिसतो आणि छाती फुगते. हेच पुस्तक गावच्या शाळेच्या कपाटात गेलं आणि वस्तीतल्या पोरानं उघडलं तर? त्याला आपला पणजोबा कुठं दिसणार? बासरी वाजवताना? त्याच्या घरी तर दुसरीच गोष्ट ऐकलेली असते. मग ते पोरगं एकतर घरच्यांना खोटं धरील नाहीतर पुस्तकाला.

दोष एकट्या पुस्तकवाल्यांना द्यायला मी बसलेलो नाही. आमच्या पिढीनंच हे गाव त्यांना सांगितलंय. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पाहुणा म्हणून बोलावतात, मी हार घालून घेतो आणि सांगतो, ‘‘बाळांनो, ते दिवसच निराळे. दुधातुपाचे दिवस होते.’’ टाळ्या पडतात. दुधातुपाचे! आमच्या घरात तूप सणाला दिसायचं आणि ज्याच्या घरात म्हैसच नव्हती त्याचं सोडाच. पण माइक हातात आला की जीभ आपोआप वळते. म्हातारपणी आपलं तरणपण गोड लागतं आणि आपण समजतो की काळच गोड होता.

मला पुस्तक फाडायचं नाही. मला त्यात आणखी पानं हवीत. खडीचा ढीग हवा, त्याभोवती बाया आणि पोरं. जात्याच्या पानावर रात्र हवी आणि दिव्याचा काजळी धूर. बलुत्याच्या पानावर कोण कुठं उभं होतं तेवढं खरं काढा, शब्द एकही लिहू नका, पोरं आपणहून विचारतील. गुराख्याच्या पानावर लांबवर शाळा दिसू दे. आणि मोटेच्या बैलांचं तोंड फिरवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन मळ्यात गेलो. विहीर आहे अजून, धाव बुजलीय, थारोळ्याचे दगड तेवढे राहिलेत. 1974 ला वीज आली आणि मोट सुटली. त्याला धावेच्या जागेवर उभं केलं आणि खालपासून वरपर्यंत उलटं चालायला लावलं. दहा पावलांत धापकन बसला. मग त्याला पायरी दाखवली, तांब्याची गोष्ट सांगितली, आणि त्या पोराची सांगितली. अठराच्या पाढ्याचीही. मधे एकदाही ‘मज्जा’ म्हणाला नाही. सगळं ऐकून एवढंच विचारलं, ‘‘मग तुम्ही त्याला परत शाळेत का नाही घेऊन गेलात?’’

‘‘मी लहान होतो,’’ मी म्हणालो.

‘‘नंतर मोठे झाला होतात ना?’’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

त्या रात्री मी त्याला फोन लावला. तो पोरगा, म्हणजे आता माझ्यासारखाच म्हातारा, लेकाकडं पिंपरीला असतो. नाव इथं लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. त्याच्या लेकानं आयटीआय केलं, नात बारावीला आहे. आमचं वर्षाकाठी एक-दोनदा बोलणं होतं. तो मला अजून ‘आण्णा, तुमी’ म्हणतो आणि मी त्याला ‘तू’. कितीदा सांगितलं, जमत नाही. त्याला नाही आणि मलाही नाही.

त्याला पुस्तकाचं सांगितलं. बासरीचं ऐकून तो पोट धरून हसला. मला वाटलं होतं चिडेल, निदान गप्प बसेल. हसणं थांबल्यावर म्हणाला, ‘‘आण्णा, गुरं कशी काढल्यात? खिलार हायत का गावठी?’’

‘‘खिलारच दिसताहेत. शिंगं बरोबर काढलीत.’’

‘‘मग मला बी एक धाडून द्या की. नातीला दावतो.’’

पुस्तक मी मागवलंय. टेबलावर येऊन पडलंय, आठवडा झाला. त्याचा पत्ता लिहून झालाय. आत एखादी चिठ्ठी घालावी असं मनात आहे, आणि तिच्यात काय लिहावं ते ठरत नाही.